सात फुटांची दोरी

परवा ईशानने फोनवर विचारलं, "आजी, नव्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स घेऊ?" विचारताना तो हसत होता, आणि मागे मीराचंही हसू ऐकू आलं. आजीला असला प्रश्न टाकायचा ही दोघांनी मिळून केलेली गंमत होती. मी म्हटलं, "कॅमेऱ्याचं तोंड कसं आहे ते आधी बघ. मग फोटो कोणाचा काढायचाय ते सांग. आणि तुझी खोली केवढी आहे?"

हसणं थांबलं. "आजी, हे तुला कोणी शिकवलं?"

ज्यांनी शिकवलं त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. असता तर तोच तुम्हा दोघांना पाठवला असता आणि लिहायचे कष्ट वाचले असते. शाळेत मी जन्मभर मुलांना निबंध क्रमाने लिहायला सांगितलं, पण या माणसाबद्दल लिहायला बसलं की क्रम राहत नाही. आधी दोरीच आठवते.

साधी सुतळीची दोरी. तिचं एक टोक त्यांच्या फोटो स्टुडिओतल्या लाकडी स्टुलाच्या पायाला बांधलेलं आणि दुसऱ्या टोकाकडे, चार हात सुतळी शिल्लक सोडून, गाठ. पायापासून गाठीपर्यंत सात फूट. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते दोरी ताणायचे, गाठीवर उजव्या पायाचा अंगठा ठेवायचे आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावायचे. "जरा जवळून घ्या ना," असं कोणी म्हटलं, तर मान न उचलता म्हणत, "जवळून डॉक्टरनं पाहावं. फोटोवाल्यानं न्हाई."

सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणे. मीही तेच म्हणत आले.

आम्ही एक्क्याऐंशी साली जालन्यात आलो. जालना जिल्हा झाला तेच ते वर्ष. तुमच्या आजोबांना एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मला शाळेत इंग्रजी शिकवण्याची. शाळेच्या कागदपत्रांना फोटो हवा होता, म्हणून मधल्या सुट्टीत मी धावत त्या स्टुडिओत गेले. उस्तादांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः दाराशी जाऊन रस्ता बघत उभे राहिले. पाच मिनिटं गेली. मी म्हटलं, "अहो, माझा तास आहे. फोटो काढताय ना?"

"काढतो ना बाई. पण तुम्ही अजून रस्त्यातच हायत. बसा. इथं येऊन पोचल्या की काढतो."

मला राग आला. एमए झालेल्या बाईशी हे काय बोलणं, असंही मनात आलं. पण त्या फोटोत मी जशी आहे तशी नंतर कोणत्याच फोटोत आले नाही. तो फोटो तुमच्या बाबाकडे आहे. मागच्या बाजूला स्टुडिओचा जांभळा शिक्का दिसेल. ते आपल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर शिक्का मारत. चांगला आला तरी मारत, वाईट आला तरी मारत. "चूक केली तर नावानिशी करावी," म्हणायचे.

त्यांची सगळ्यात मोठी चूक दुकानात भिंतीवरच टांगलेली होती.

गल्ल्यामागे एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. पण चेहरा काहीतरी विचित्र. नाक पुढे आलेलं, मोठं. गाल मागे पळालेले, कान तर पदरात दिसतही नव्हते. नवं गिऱ्हाईक त्या फोटोकडे बघून हमखास नजर वळवायचं. मीही वळवली. उस्तादांनी ते पाहिलं.

"माझी माय हाय. पण तिचं नाक असं न्हवतं."

ते तरुणपणी हैदराबादला एका स्टुडिओत कामाला होते. आई आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा मालकाचा कॅमेरा मागून घेऊन आले. कॅमेऱ्यावर होती ती लेन्स रुंद होती, लग्नाच्या मांडवातली सगळी माणसं एका फोटोत घेण्यासाठीची. घर एका खोलीचं. आई चुलीपाशी बसलेली. मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून ते पुढे सरकले, पार हातभर अंतरावर गेले. रुंद लेन्सने एवढ्या जवळून चेहरा घेतला की जे पुढे असतं ते फुगतं आणि मागचं आवळतं. हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. रोल धुऊन हातात येईपर्यंत आई गेली होती. तिचा दुसरा फोटो नव्हता.

"लोक विचारतात, उस्ताद, हा फोटो काऊन लावला? म्हणलं, असू द्या. लेन्स चुकली की माणूस कायमचं चुकतं. हे पाहिलं की मला बराबर याद राह्यते."

चेहऱ्याच्या फोटोसाठी त्यांच्याकडे एक खास लेन्स होती. जाडजूड, काळी, हातात घेतली तर बत्त्यासारखी जड. ती आणि ती सात फुटांची दोरी यांची जोडी होती. त्या लेन्सने त्या अंतरावरून नाक नाकाच्या जागी राहायचं.

त्यांचा दुसरा धंदा जुन्या लेन्स विकण्याचा. मंठा, अंबड, परतूरकडचे लग्नांचे फोटोग्राफर त्यांच्याकडे यायचे. पण उस्तादांकडून लेन्स विकत घेणं सोपं नव्हतं. पहिला प्रश्न, "कॅमेरा आणला का?" आणला नसेल तर बोलणं तिथेच संपायचं. दुसरा, "फोटो कोणाचे काढणार?" आणि तिसरा, "जागा केवढी?"

एकदा मी वर्गाच्या फोटोच्या प्रती घ्यायला गेले होते, तेव्हा मंठ्याचा एक फोटोग्राफर अगदी वैतागला होता. "ओ उस्ताद, लेन्स घ्यायला आलो मी. सोयरीक जमवायला न्हाई. घर केवढं अन् खोल्या किती, काय विचारून राह्यले?"

"सोयरीक मोडता येते, बाबा. कॅमेऱ्याचं तोंड मोडलं तर नवीन येत न्हाई. आण इकडं."

मग ते कॅमेरा हातात घेत, त्यावरची लेन्स काढत आणि उघड्या तोंडावरून अंगठा फिरवत. इंग्रजीत त्याला माउंट म्हणतात. त्या कड्याच्या आत तीन दाते असतात आणि लेन्सच्या बुडाला तीन. एकाचे दाते दुसऱ्याच्या फटींतून जाऊन थोडं फिरवल्यावर अडकले की टक् असा आवाज येतो. प्रत्येक कंपनीच्या दात्यांची ठेवण वेगळी. काही कंपन्या तर एकच लेन्स वेगवेगळ्या तोंडांची बनवतात, त्यामुळे वर छापलेलं नाव वाचून काहीच कळत नाही. "नाव वाचू नका, तोंड पाहा," हे उस्तादांचं ठरलेलं वाक्य. त्या मंठेकराला त्यांनी शेवटी लेन्स दिली नाहीच. मांडव छोटा अन् लेन्स लांबची, म्हणाले, नवरीचा फोटो काढायला तुला शेजाऱ्याच्या गच्चीवर जावं लागंल.

तुमच्या आजोबांशी त्यांची दोस्ती झाली ती पुड्यांमुळे. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी. बियाणं डब्यात बंद करताना ओल शोषणाऱ्या पुड्या टाकतात, हे उस्तादांना कोणी कारखान्यातल्या माणसाने सांगितलं. एक दिवस ते सायकलवर आमच्या दारात हजर. आजोबांनी प्रयोगशाळेतल्या वापरून झालेल्या पुड्या त्यांना दिल्या, आणि त्या तव्यावर गरम केल्या की पुन्हा कामाला येतात हेही शिकवलं. वर म्हणाले, "एक अट आहे उस्ताद. लेन्सला कोंब फुटले तर आधी मला कळवायचं."

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "साहेब, बी उगवंल का न्हाई, ते तुम्हाला पेरायच्या आधी कसं कळतं?"

झालं. आजोबांनी त्यांना रविवारी प्रयोगशाळेत नेलं. ओल्या कागदावर ओळीने मांडलेलं बी, रोज त्यातलं किती उगवलं त्याची मोजदाद. उस्ताद तिथे तासभर उभे होते. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या तोंडी ते रिकामा डबा घेऊन येत. चहा होई. दोघं फार बोलत नसत. जे बोलत ते तपासणीबद्दल. दोघांचाही एकाच गोष्टीवर विश्वास होता, की काहीही माणसाच्या हातात देण्याआधी तपासून द्यावं.

जाताना उस्ताद दरवेळी म्हणायचे, "साहेब, एकदा येऊन बसा स्टुलावर. तुमचा एक चांगला फोटो काढतो."

आणि आजोबा दरवेळी म्हणायचे, "नंतर बघू."

अशी पंचवीस वर्षं गेली. आजोबांचे फोटो आहेत, पण सगळे घोळक्यातले. कोणाच्या तरी मुंजीत मागच्या रांगेत, सहलीत अर्धा चेहरा झाडाआड.

मग आजोबा आजारी पडले. आजार पोटाचा होता आणि उशिरा कळला. तुमचा बाबा त्या दिवाळीत आला तेव्हा येताना नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आला आणि जाताना आमच्याजवळ ठेवून गेला. तुम्ही दोघं तेव्हा लहान होतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या. मला एक फोटो हवा होता. त्यांचा, एकट्याचा, ते जसे होते तसा. आणि दिवस मोजके होते, कारण चेहरा आठवड्याआठवड्याने उतरत होता.

कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स माझ्याच हातून पलंगावरून खाली पडली. काच फुटली नाही, पण तिचं झूमचं कडं रुंद बाजूला अडकून बसलं. तरी मी पलंगाशेजारी खुर्ची घेऊन फोटो काढला आणि त्यांना मागच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"हा कोण? उस्तादच्या आईचा भाऊ दिसतोय."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "उस्तादला बोलाव. दुसरं कोणी नको."

उस्तादांनी तोवर फोटो काढणं सोडून दोन वर्षं होऊन गेली होती. रोल मिळत नाहीत, धुणारे राहिले नाहीत, असं ते सांगत. दुकानात फ्रेमा विकत बसायचे. मी कॅमेरा घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. ती चेहऱ्याची लेन्स याला लावा आणि घरी चला, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यांनी कॅमेरा हातात घेतला. लेन्स काढून तोंडावरून अंगठा फिरवला. मग परत लावून माझ्यासमोर ठेवला.

"न्हाई बाई. माझी लेन्स याला बसत न्हाई. हा नव्या जमान्याचा हाय."

"लावून तरी बघा."

"लावून काय पाहायचं? मला माहीत हाय."

जो माणूस लावून पाहिल्याशिवाय एक लेन्स कोणाला देत नव्हता, तो आज न लावताच सांगत होता. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी घाईत होते.

मी ठरवलं, आपणच लेन्स आणू. औरंगाबादला जुन्या कॅमेऱ्यांचा एक दुरुस्तीवाला आहे असं शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. बसच्या धुळीत कॅमेरा न्यायला मन होईना. तोही बिघडला तर काय, ही भीती. मग मी माप घेतलं. आपल्याकडे दुसरीसाठी बांगड्या आणायला जाणारी बाई तिचा हात नेत नाही, तिची जुनी बांगडी मापाला नेते. तुमच्या आत्याची लहानपणची चांदीची बांगडी कपाटात होती. ती कॅमेऱ्याच्या तोंडावर ठेवली तर बरोब्बर बसली. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. ती रुमालात बांधून मी बसमध्ये बसले.

दुरुस्तीवाला म्हातारा होता. त्याने विचारलं, "मॅडम, कॅमेरा लाए?"

"माप आणलंय," मी म्हटलं आणि रुमाल सोडला.

त्याने एकदा बांगडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याच्या फोटोची, मला हवी तशी एकच लेन्स त्याच्याकडे होती. तिचं बूड बांगडीला लावून पाहिलं. जुळलं. "साइज तो बराबर है. आगे आप देखो," म्हणाला. मी घेतली.

घरी येऊन लावली तर ती तोंडावर बसे, पण फिरेना. दाते एकमेकांवर आपटत. मी इकडून फिरवून पाहिली, तिकडून फिरवून पाहिली. आजोबा पलंगावरून बघत होते. "जोर लावू नकोस. राहू दे." मग थोड्या वेळाने सवयीने म्हणाले, "नंतर बघू." त्या दिवसांत 'नंतर' हा शब्द घरात आम्ही दोघंही टाळत होतो.

पैसे आले, चकचकीत मोटारी आल्या, फोन आले असं लोक त्या वर्षांबद्दल सांगतात. माझ्या लेखी त्या वर्षातले ते आठ दिवसच आहेत. चौकशीत, प्रवासात आणि त्या लेन्सशी झगडण्यात आठ दिवस गेले, आणि तेवढ्यात त्यांचे गाल आणखी आत गेले.

नवव्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला मी उस्तादांसमोर कॅमेरा आणि ती लेन्स, दोन्ही ठेवलं. मी चिडलेली होते. "तुमची बसत नाही म्हणालात म्हणून ही आणली. हीसुद्धा बसत नाही. आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

त्यांनी लेन्स उचलली. बघितली नाही, बुडावरून अंगठा फिरवला. "ही दुसऱ्या घरची हाय बाई. दाते तीनच, पण जागा निराळी. माप कशानं घेतलं?"

मी बांगडी काढून दिली. त्यांनी ती चाचपली. लहान मुलीच्या हातातली आहे ते त्यांना लगेच कळलं असणार, एवढी ती लहान होती. बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिले. मग उठले, कपाटातून डबा काढला, आजोबांच्या पुड्या बाजूला सारल्या आणि ती काळी जड लेन्स बाहेर काढली. कॅमेऱ्याच्या तोंडावर ठेवली, थोडी फिरवली.

टक्.

"बसली," मी म्हटलं.

"बसणारच व्हती."

"मग त्या दिवशी?"

ते स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काचबिंदू हाय बाई. दोन्ही डोळ्यांत. बाजूचं दिसणं कवाच गेलं, आता मधलंही धुकट झालं. रोल मिळत न्हाई, रोल मिळत न्हाई, असं लोकायला सांगून राह्यलो." त्यांनी लेन्सचं कडं फिरवून दाखवलं. "नव्या लेन्स आपल्या आपण फोकस करतात. ही हातानं फिरवावी लागते. हिला मोटरच न्हाई. म्हणजे डोळाच पाहिजे. अन् साहेबांचा फोटो पुसट आला असता तर पुन्हा कधी काढणार व्हतो मी?" त्यांनी गल्ल्यामागच्या भिंतीकडे तोंड केलं. "एक हाय ना तिथं. दुसरा नको."

इतकी वर्षं ज्यांनी प्रत्येकाला खरं सांगितलं, ते माझ्याशी खोटं बोलले होते, आणि का बोलले ते समोर भिंतीवर दिसत होतं. शेवटी मी म्हटलं, "माझे डोळे गेल्या महिन्यात तपासलेत. चष्मा नवा आहे. कडं कसं फिरवायचं ते तुम्ही सांगा."

ते उठून वाकले आणि चाचपडत स्टुलाच्या पायाची दोरी सोडू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते रिक्षाने आले. आजोबांनी स्वच्छ शर्ट घातला होता. मी दाढी करून दिली होती. खिडकीजवळ खुर्ची. उस्तादांनी खुर्चीच्या पायाला दोरी बांधली, ताणली, आणि थांबले. मग सात फूट दोरी दुमडून अर्धी केली, तेवढी लांबी पुढे आणखी मोजली आणि शिल्लक सुतळीवर दुसरी गाठ मारली. या कॅमेऱ्यातला फोटो पकडणारा सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे तीच लेन्स आता कमी रुंदीचं बघते. तेवढाच चेहरा हवा तर दीडपट मागे जायचं. सातचे साडेदहा.

खोली अकरा फुटांची. खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे होती, तेव्हा दुसरी गाठ खोलीच्या बाहेर गेली. मी दाराबाहेर, स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ टेकून, दारातून खोलीत बघत उभी राहिले. गाठीवर अंगठा.

"घर केवढं, ते काऊन विचारतो मी, कळलं का बाई?" उस्ताद म्हणाले.

कॅमेऱ्याचं आणि जुन्या लेन्सचं आपसात बोलणं होत नव्हतं, त्यामुळे उजेडही कॅमेरा मोजेना. उस्तादांनी आपला पंजा आजोबांच्या गालाजवळ धरला. "काढा. हात कसा दिसतो?"

"पांढराफटक."

"शटरचा वेग वाढवा. आता?"

"आता हातासारखा दिसतो."

"रेघा दिसतात हाताच्या?"

"दिसतात."

मी आकडे वहीत लिहून घेतले. मग फोकस. "जवळचा डोळा धरा. कान पुसट झाला तर होऊ द्या, डोळा सोडू नका. खाली हिरवा ठिपका पेटतो म्हणता ना? तो पेटला अन् पापणीचे केस निराळे दिसले की दाबा." पहिले काही फोटो पुसट आले. मी ते सांगितलं. "येऊ द्या. पुसू नका, पुढं चला," ते म्हणाले.

आजोबा आता दमले होते. चेहरा फोटोचा झाला होता, ओठ आवळलेले. उस्ताद खुर्चीशेजारी, फोटोत येणार नाहीत असे खाली जमिनीवर बसले. "साहेब, एक विचारायचं राह्यलं. शंभरातलं किती बी उगवलं की माल पास करायचा?"

आजोबांनी वळून खाली त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर आठी आली, उजवी भुवई वर गेली, आणि नोकरीतली सगळी वर्षं त्या चेहऱ्यावर परत आली.

"पीक कोणतं, ते आधी सांगा उस्ताद."

ठिपका पेटला. मी दाबलं.

तुमच्या घरात दिवाणखान्यात आहे तो हाच फोटो. अर्धवट उघडे ओठ बघून मीराने एकदा विचारलं होतं, आजोबा काय म्हणतायत? ते हे म्हणतायत.

उस्तादांनी फोटो स्वतः फ्रेम करून आणला. आजोबांनी चष्मा लावून पाहिला. म्हणाले, "हा मी आहे." बाकी काही नाही. फ्रेम उलटी करून मी बघितलं तर पाठ कोरी. म्हटलं, "शिक्का?"

"शिक्का काढणाऱ्याचा असतो बाई."

"पण सगळं तुम्हीच केलंत."

"चुकला असता तर कोणाच्या नावावर गेला असता? तुमच्या. मंग चांगला आला तोही तुमचाच."

मी काही लिहिलं नाही. ती पाठ अजून कोरीच आहे, फ्रेम उलटून पाहा.

उन्हाळा लागायच्या आत आजोबा गेले. दुकान बंद करून उस्ताद मंठ्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना लेन्सचा डबा माझ्याकडे आणून दिला, दोरीसकट. म्हणाले, मला आता याचा काय उपयोग. वर्षभराने मी कॅमेरा घेऊन मंठ्याला गेले. सरळ सांगितलं, "तुमचा फोटो काढायला आलेय. ओसरी मोठी आहे, दुसरी गाठ आरामात बसते."

ते खाटेवर होते. वर भिंतीवर त्यांच्या आईचा तोच फोटो. मी कोण ते त्यांनी आवाजावरून ओळखलं; त्यांना आनंद झाला. पण हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले, "आज दाढी न्हाई केली, बाई. मंग पाहू." त्यांच्या मुलीने चहा आणला. उठताना माझी नजर भिंतीकडे गेली असावी, कारण ते लगेच म्हणाले, "तिचं नाक असं न्हवतं हां." दिसत तर काहीच नव्हतं त्यांना.

मीही आग्रह केला नाही. पुन्हा येईन असं वाटलं. त्या पावसाळ्यातच निरोप आला.

ईशान, तू तुझ्या कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडाचा फोटो पाठवलास तो मी मोठा करून पाहिला. दाते जुळतात. त्याशिवाय मी लेन्स पाठवली नसती. सोबतच्या खोक्यात ती काळी लेन्स आहे. पुड्या ओलसर वाटल्या तर तव्यावर मंद आचेवर गरम करा. दोरी आहे, तुझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर लहान आहे असं तू लिहिलंस, तेव्हा दुसऱ्या गाठीवर उभा राहा. मीरासाठी ती चांदीची बांगडी आहे. हातात होणार नाही, जपून ठेवायची; तिने काही मोजायचं नाही.

लेन्स टक् करून बसली की पहिला फोटो तुमच्या बाबाचा काढा. त्याला काहीतरी विचारा, त्याच्या कामातलं, थोडं चुकीचं. तो म्हणेल, नंतर बघू. तुम्ही दोरी बांधायला घ्या.